चार माणसांची हवा

"घरात झोपणारी माणसं किती?" परभणीहून आलेल्या नागेशनं विचारलं आन् मी सवयीनं बोलून गेले, "चार, आन् वरचा एक."

माझ्या लेकानं, रुद्रेशनं, लगेच कपाळाला हात लावला. "आई, तू गप बस बरं जरा. चार धरा साहेब. मी, बायको, लेकरू आन् ही."

"वरचा म्हंजी? वर माळवदावर कुणी राहतं काय?" नागेशनं छताकडं बघितलं.

आता ह्याला काय सांगावं! आमच्या घरात माझ्या सासूच्याबी आधीपासूनची रीत हाय. जेवणारी जितकी डोकी, त्याच्यापेक्षा एक भाकर जास्तीची थापायची. आन् कुणी माणसं विचारली तर नुसता आकडा द्यायचा न्हाई, 'वरचा एक' जोडायचा. घर मोजून बंद करू नये म्हणतेत. कवा आमचा जंगम स्वामी भिक्षेला दारात येतो, कवा पाहुणा, कवा एखादं कुत्रं. कुणीच न्हाई आलं तर ती भाकर टोपल्यात राहती आन् सकाळी ढोराला जाती. मी हे सगळं नागेशला बैजवार सांगितलं. पोरगं गुणाचं, हसलं न्हाई. पण रुद्रेश म्हणला, "भाकर खाणारा वरचा असू दे आई, श्वास घेणारा वरचा नसतो. ह्यांना हवेचं माप काढायचंय."

आन् चारच धरले.

माझा राग लय वाईट हाय, सगळ्या भावकीला ठाऊक हाय. पण त्या दिवशी मी तो गिळला. कारण हा सगळा खटाटोप सृष्टीसाठी होता.

सृष्टी माझी नात. दुसरीत हाय. नाक आमच्या मालकांचं, हट्ट मालकांचा, आन् पोरीनं छातीबी त्यांचीच घेतली. दमा. उसाचा हंगाम आला की जिकडं तिकडं पाचट पेटवतेत, काळी राख उडत येऊन वाळवणावर बसती, आन् हिची छाती भात्यावाणी हालायला लागती. माझी सून त्रिवेणी शाळेत शिकवती, पण हिच्यापायी अर्ध्या रजा तिनं दवाखान्यात काढल्या. गावातलं घर भर रस्त्यावर. ट्रॅक्टरचा धुरळा, फटफटीचा धूर. आखिर रुद्रेशनं गंगाखेडच्या अलीकडं आमच्या रानात नवं घर बांधलं. खिडक्या दुहेरी काचंच्या, दारांना रबर, छताला कसलासा जाड थर. मुंगी शिरायची न्हाई असं घर. राख बाहेर राहिली, पण मंग आतलीच हवा आत कोंडायला लागली. एकदा मिरच्या तळल्या तर दोन दिवस ठसका! सकाळी उठलं की डोस्कं जड. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हणून नागेश. तो म्हणला, ह्याला 'हीट रिकव्हरी'ची पेटी लागते. घरातली शिळी हवा बाहेर टाकायची, बाहेरची ताजी गाळून आत घ्यायची. जाणारी आन् येणारी हवा पेटीत एकमेकीच्या शेजारून जातेत, मधी पातळ पडदा असतो. एकमेकीला शिवत न्हाईत, पण जाणारी आपला गारवा येणारीला देऊन जाती. मला ते ऐकून बरं वाटलं. जाताना माणसानं काहीतरी देऊन जावं.

"मंग मोठ्यातली मोठीच बसवा की," मी म्हणले. "लेकराच्या जिवापुढं काय बघायचं!"

"आजी, चपलेसारखं हाय हे," नागेश म्हणला. "लहान घेतली तर चावती, मोठी घेतली तर पाय घसरतो. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर भट्टी असती. पेटी मोठी असली की गरजेपेक्षा जास्ती हवा ओढती, गारवा टिकत न्हाई, पोरीचं नाक-घसा कोरडा पडतो, जाळ्या राखंनं बुजतेत. माणशी एवढी हवा, खोल्यांची एवढी, असा हिशेब धरून घ्यायची. चार माणसं तर चाराचीच."

आन् त्यानं एक भारी गोष्ट सुचवली. हवा सरळ बाहेरून न घेता जमिनीतून घ्यायची. पुरुषभर खोल चर खणून नळी पुरायची. हवा त्या नळीतून येता येता मातीनंच गार व्हती, मंग पेटीला त्रास न्हाई. फक्त नळी अशा जागी पाहिजे जिथं पुढं कवा नांगर, जेसीबी काही लागणार न्हाई.

रुद्रेशला लगेच जागा सुचली. "बेलापाशी. बाबांच्या बाजूनं जाऊ द्या. तिथं आमी बोटभर माती हालवीत न्हाई."

खरं होतं. आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, बसवतेत. गळ्यातलं लिंग तळहातावर देतेत, मांडी घालून खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवतेत, मंग मीठ आन् विभूती घालून माती लोटतेत. रानाच्या कोपऱ्यात बेलाखाली आमचे मालक बसलेत. दगडावर नाव हाय, लिंगराज. संसारात ते नाव माझ्या तोंडून कवा निघालं न्हाई, आज दगडावरचं सांगितलं तेवढंच. त्या पट्ट्यात कुणी पेरत न्हाई, कुणी खणत न्हाई. नळीला ह्याच्याएवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. मलाबी त्यात काही वावगं दिसलं न्हाई. उलट वाटलं, नातीची हवा आज्याच्या अंगणातून येईल, चांगलंच हाय की.

मालक गेले ते हवेलाच गेले. शेवटी त्यांना झोपता येत नव्हतं. पलंगावर मांडी घालून, गुडघ्यावर हात रोवून बसायचे आन् म्हणायचे, "महादेवी, हवा." मी पंख्यानं वारा घालायचे. विजेचा पंखा त्यांना पुरायचा न्हाई, हाताचाच लागायचा. मनगट सुजलं तरी मी थांबले न्हाई. तीन आखूड श्वास आन् मंग एक लांब शिट्टी, असा त्यांच्या छातीचा ताल होता. तो थांबला तवा बसलेलेच होते. समाधीत बसवायला कुणाला त्रास पडला न्हाई.

असो.

पेटी बसली आन् घर बदललं. खरं सांगते, पहिल्या महिन्यात मी रोज नागेशला दुवा दिली. सकाळी डोस्कं हलकं. सृष्टी उशीला डोकं टेकून सरळ झोपायली. तिची आन् माझी खाट एकाच खोलीत, म्हणून मला तिचा श्वास न् श्वास कळायचा. भिंतीवर नागेशनं एक मीटर लावलं होतं, शिळ्या हवेचा आकडा दाखवणारं. चार माणसं घरात असली तर आठशेच्या आसपास राहील, तो म्हणला होता. तसंच राहायचं. वरच्या जाळीतून वारा येतोय का ते दिसावं म्हणून त्यानं प्रत्येक खोलीत जाळीला पातळ कागदाची पट्टी चिकटवली होती. ती पट्टी खोलीत फरफर हालायची. सृष्टी तिला फुलपाखरू म्हणायची.

मंग उन्हाळा लागला. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतेत, हात आत जाईल एवढ्या. त्याच सुमारास आकडा चढायला लागला. हजार, मंग त्याच्या वर. त्रिवेणी हुशार, तिनं रोजचा बघितला आन् नवऱ्याला म्हणली, "अहो, हे चार माणसांचं दिसत न्हाई. पाच असल्यासारखं दाखवायलंय."

मी चहा गाळायले होते. गाळता गाळता ते 'पाच' मी नीट ऐकलं.

सृष्टीला परत धाप लागायली. त्याच दिवसांत चुडाव्याला माझ्या बहिणीच्या, नर्मदाबाईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी रेल्वेनं तिकडं गेले. आठवडाभर राहिले. फोन केला की रुद्रेश खुशीत, "आई, आकडा खाली आला बघ! पेटी रुळली वाटतं." पोरगीबी बरी. मी महादेवाला हात जोडले. इकडं नर्मदाबाई मात्र रोज सकाळी तोंड वाकडं करायची. "आक्का, किती घोरतीस गं! एक माणूस घोरायलंय का दोन, तेच कळंना मला." मी तिला चांगलीच झापली. गुडघा तुझा दुखायलाय आन् दोष माझ्या नाकाला!

मी परत आले आन् आकडा परत चढला.

नागेशला बोलावलं. बिचारा भर उन्हात आला. आमाला सगळ्यांना घराबाहेर काढलं, बेलाखाली उभं केलं आन् आत मीटर बघितलं. रिकाम्या घरात आकडा साफ उतरला. म्हणजे मीटर चांगलं. आमी आत गेलो की तासाभरात वर. पेटीचा पंखा तपासला, चांगला. मंग त्यानं पेटीतल्या जाळ्या काढल्या. छपरावर शिळी हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाची जाळी वरून पडलेल्या राखंनं काळी ढुस्स. ती तशीच असणार. पण जमिनीतल्या नळीकडून जी हवा येती, तिची जाळी त्यानं उचलली आन् बघतच राहिला.

ती पांढरी होती. मैद्यावाणी बारीक भुकटी बसलेली.

नागेशनं बोटावर घेतली, हुंगली. मंग काय मनात आलं कुणास ठाऊक, जिभेला लावली. "खारट लागायलंय," तो म्हणला. "चुन्याची न्हाई ही. रानात कुठं मीठ टाकलं होतं का तुमी?"

रुद्रेशनं माझ्याकडं बघितलं. मी बेलाकडं बघितलं. त्रिवेणीनं सृष्टीला उचलून कडेवर घेतलं, एवढी घोडी झाली तरी.

काळी माती ताणली, नळीचा जोड उघडला आन् पेटी तिथून हवा ओढायली, असं नागेश म्हणला. सरळ गोष्ट हाय, घाबरायचं काही न्हाई, असंबी म्हणला. पण तो आता माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. त्यानं नळीचं तोंड घराच्या बाजूनं बंद केलं, सिमेंट मारलं आन् छपरावरून हवा घेतली. रुद्रेशनं बाबांच्या दगडापुढं नारळ फोडला, जंगमाला बोलावून विभूती घातली, चुकलं म्हणून माती डोक्याला लावली. पोरगा हळवा हाय माझा, दाखवीत न्हाई.

पण उशीर झाला होता. दार लावून घेतलं तरी आत आलेला पाहुणा आतच राहतो.

आकडा उतरला न्हाई. पाचाचाच.

मंग रुद्रेश हट्टाला पेटला. मोठी पेटी आणा म्हणला. नागेशनं सांगून बघितलं, मंग बेजार होऊन एक मोठी पेटी वापरून बघायला आणली. दोन दिवस आकडा उतरला, आन् परत चढला. जितकी हवा वाढवावी तितकी कुणीतरी संपवायलं होतं. इकडं घर तापलं, पोरीचे ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. नागेशनं गुमान ती पेटी काढली आन् चाराची जुनी परत लावली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणला, "आजी, मी लय घरांची मापं काढली. आसं कुठं बघितलं न्हाई. तुमी पहिल्या दिवशी चार आन् वरचा एक म्हणलात ना? तवा पाचाची धरायला पाहिजे होती का, तेच मला कळंना."

"पाचाची धरली असती तर?" मी विचारलं.

"आता मोठी लावूनबी बघितली की," तो म्हणला आन् गाडीवर बसला.

त्याच आठवड्यात सृष्टीला परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं. तोंडावर वाफेचा मास्क, हाताला सुई. माझ्याकडं बघून हसायला बघायची आन् हसू अर्ध्यातच तुटायचं. डॉक्टर म्हणले, अशी धाप परत लागू देऊ नका, लेकराचं हृदय दमायलंय. घरी आल्यावर त्रिवेणीनं बॅग काढली. "आत्या," मला म्हणली, "मला भांडायचं न्हाई. पण मी हिला घेऊन नांदेडला माहेरी जाते. बदली मागते. ह्या घरात मी हिला ठेवणार न्हाई." रुद्रेश दारात उभा. बायको-लेकरू जातंय आन् गावातलं दुकान, रान, घर सोडून त्याला जाता येत न्हाई. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

ज्या पोरीसाठी घर बांधलं तिनंच घराबाहेर जायचं! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी आन् सृष्टीच. त्रिवेणी शाळेत बदलीचा अर्ज द्यायला गेली होती, रुद्रेश दुकानात. पोरगी औषधानं पेंगुळली होती. मी माझ्या खाटंवर बसून तिचे पाय चेपायले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, आत दुहेरी काचंमुळं चिमणीचाबी आवाज न्हाई. माझी नजर सहज जाळीकडं गेली.

कागदाची पट्टी खोलीत फरफरायला पाहिजे होती. ती आत ओढली गेली होती, जाळीला चिकटून बसली होती. मंग सुटली. परत ओढली. आखूड, आखूड, आखूड. आन् मंग लांब. त्या लांब ओढीला पेटीतून बारीक शिट्टी आली.

तो ताल मी झोपेतबी ओळखला असता. माझ्या शेजारी, खाटंवर, गादी दबलेली होती. माणूस आडवा झोपला तर दबती तशी न्हाई. मांडी घालून बसला तर दबती तशी. विभूतीचा वास आला. आन् भिंतीवरचा आकडा माझ्या डोळ्यादेखत चढायला लागला. इकडं सृष्टीचे ओठ निळसर पडायले.

भ्याले का? भ्याले. पण माझी भीती लय वेळ टिकत न्हाई, तिचा राग व्हतो.

"अवो!" मी वरडले. "लाज वाटती का काही? लेकराच्या तोंडची हवा घेताव व्हय? तुमचीच नात हाय ती! तुमीच दिलाय तिला हा आजार, आन् वरून तुमीच तिच्या वाट्यावर बसलाव! चांगलं बेलाखाली बसवलं, लिंग हातात दिलं, लेकानं नारळ फोडला. अजून काय पाहिजे?"

पट्टी थांबली.

खोली एकदम गप झाली. वाटलं, ऐकलं. जिते होते तवाबी मी वरडले की असेच गप व्हायचे, मान खाली घालून. मला एकदम रडू आलं. किती दिवसांनी भांडले मी त्यांच्याशी! लोक म्हणतेत माणूस गेल्यावर त्याचं बोलणं आठवतं. मला तर भांडणच लय आठवायचं.

मंग पट्टी हळूच ओढली गेली. आखूड. थांबून परत आखूड. आमचे मालक माझं ऐकायचे हो, पण छाती कुणाचं ऐकती?

मी सृष्टीला उचललं, बाहेर बेलाखाली नेलं, तोंडात दम्याचा पंप दिला. उघड्यावर ती हळूहळू निवळली. तिला मांडीवर घेऊन मी विचार केला. पेटी चाराची. घरात पाच. जो वरचा हाय तो जात न्हाई, हाकलला तरी जात न्हाई. मोठी पेटी चालत न्हाई. मंग चारातला एक कमी करायचा, म्हणजे हिचा वाटा हिला मिळंल. रुद्रेश जाणार न्हाई, त्रिवेणी लेकराला सोडणार न्हाई. राहिले मी. हातच्या काकणाला आरसा कशाला!

संध्याकाळी मी भाकरी थापायच्या आधीच सांगून टाकलं. "मी आखाड्यावर राहायला जाते."

आखाडा म्हणजे रानाच्या दुसऱ्या टोकाची आमची पत्र्याची खोली. खताची पोती, पाइप, एक बाज. वर पत्रा, उन्हाळ्यात तवाच.

"येड लागलंय का आई तुला?" रुद्रेश तडकला. "लोक काय म्हणतेल? आईला पत्र्यात टाकलं म्हणतेल!"

"लोक पोरगी सांभाळायला येणार हायेत का तुझी? चार दिवस जाऊ दे मला. फरक न्हाई पडला तर त्रिवेणी नांदेडला जाईल, मी अडवणार न्हाई."

त्रिवेणी माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं होतं, सगळं. ती उठली, माझ्या पिशवीत औषधं, टॉवेल, पाण्याची बाटली भरायली. भरता भरता तिनं माझा ताडाचा जुना पंखा बघितला, तो खुंटीवरून काढला आन् तोबी ठेवला.

मी निघताना भाकरी थापून ठेवल्या. त्यांच्या तीन, माझी एक, आन् वरची एक. वरची घरातच टोपल्यात ठेवली. मनात म्हणले, घ्या, तुमाला घर देऊन चालले. लेकराला फक्त जगू द्या. सृष्टी दारात उभी राहून हात हालवायली. म्हणली, "आजी, उद्या येशील ना झोपायला?" मी मान हालवली. खोटं बोलायला तोंड लागत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुद्रेश डबा घेऊन आखाड्यावर आला. पत्र्याखाली जीव कासावीस व्हायला होता. बाहेर पान हालत नव्हतं. मी बाजंवर बसले होते. गाडी लावून तो आत आला आन् डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

"पोरगी?" मी विचारलं.

"झोपली आई. अख्खी रात झोपली, उताणी. सकाळी उठून स्वतः भाकर मागितली. टोपल्यातली वरचीच खाल्ली तिनं, दुधात कुस्करून."

मी डोळे मिटून घेतले. एवढंच पाहिजे होतं मला. मंग विचारलं, "आन् आकडा?"

रुद्रेशनं डबा बाजंवर ठेवला. "आकडा बरोबर न्हाई आला."

"म्हंजी? अजून चढलेला हाय?"

"न्हाई. लय उतरलाय. तू गेलीस तर चाराचा यायला पाहिजे होता. आमी तीन आन्..." त्यानं बेलाच्या दिशेनं बघितलं. "तर तिनाचाच आला. नागेशला फोन केला. तो म्हणला घरातून किती माणसं गेली? मी म्हणलं एक. तो म्हणला, आकडा तर सांगायलाय दोन गेली."

मला चुडावा आठवलं. मी तिकडं होते तवा घराचा आकडा उतरला होता, पेटी काही रुळली नव्हती. नर्मदाबाई म्हणायची, एक घोरायलंय का दोन. आन् त्या दिवशी बेलाखाली उभं राहिलो, घर रिकामं, आकडा साफ. कारण मी बाहेर होते. ते घरासाठी आलेच नव्हते कवा. सृष्टीच्या वाट्यावर बसलेच नव्हते. ते माझ्याजवळ बसले होते, आन् माझी खाट लेकराच्या शेजारी होती. 'महादेवी, हवा' म्हणायचं दुसऱ्या कुणाला?

आन् मी त्यांना केवढं बोलले.

"चल आई घरी," रुद्रेश सवयीनं बोलून गेला. "पोरगी बरी हाय आता, तू..." आन् तिथं थांबला. त्यालाबी कळलं. मी घरी गेले तर एकटी जाणार न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, दाढीतून खाली गेलं, त्यानं पुसलंबी न्हाई.

"सृष्टीला सांजच्याला इकडं पाठवत जा," मी म्हणले. "उघड्यावर. लिंबाखाली. बाज लांब टाकीन मी. आन् जा आता, दुकान उघडं असंल."

तो गेला. गाडीचा आवाज लांब गेला आन् पत्र्याखाली परत सगळं गप झालं. मी डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले, एक झाकणावर ठेवला. मंग छातीत काहीतरी अडकलं. मला आयुष्यात कवा धाप लागली न्हाई, विहिरीचं पाणी ओढलं, नांगर धरला. पण आता श्वास आत घेतला आन् तो अर्ध्यातच संपला, पेल्यातलं पाणी कुणी आधीच पिऊन ठेवावं तसा. आखूड. परत आखूड. शेजारी बाजंची सुतळी करकरली आन् हळूच खाली दबली.

मी पिशवीतून पंखा काढला. एवढ्या गरमीत पहिला वारा मी माझ्या तोंडावर घेतला न्हाई, शेजारी घातला.

"घ्या," मी म्हणले. "सावकाश घ्या. मला आता कितीक लागती?"